ऑटिझमचं निदान झाल्यावर आधी काय, नंतर काय: मुंबईतल्या नव्या पालकांसाठी

मुलाला ऑटिझम आहे असं कळलं की पहिल्या आठवड्यात घरातला फोन थांबत नाही. मावशी कुठल्यातरी वैद्यांचा नंबर पाठवते, ऑफिसातलं कोणी स्टेम सेलच्या, म्हणजे मूळ पेशींच्या उपचाराचा व्हिडिओ पाठवतं, आणि थेरपी सेंटरवाल्या मॅडम सांगतात, "जे करायचं ते पाच वर्षांच्या आत करा, नंतर उपयोग नाही." माझा मुलगा आता दहावीच्या वयाचा आहे. आम्ही मुलुंडला राहतो. गेली काही वर्षं मी नुकतंच निदान झालेल्या घरांशी बोलते आहे. त्यातल्या बहुतेकांना मुलाच्या ऑटिझमने जितकं दमवलं नसेल तितकं उलट्यासुलट्या क्रमाने केलेल्या धावपळीने दमवलेलं असतं. लवकर मदत मिळाली तर फायदा होतो, हे खरं. पण पाचव्या वाढदिवसाला कुठलंही दार बंद होत नाही. मुलं दहाव्या, पंधराव्या, पंचविसाव्या वर्षीही शिकत असतात. म्हणून मला क्रमाबद्दल बोलायचं आहे.

१. आधी कान तपासा, मग निदान पक्कं करा

हाक मारली तरी मूल बघत नाही, ही बहुतेक घरांतली पहिली तक्रार. त्यामुळे श्रवणतपासणी झाल्याशिवाय पुढे जाऊ नका, मूल गाण्याच्या आवाजाने धावत येत असलं तरीही. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग ही केंद्र सरकारची वाचा आणि श्रवण संस्था आहे. 1983 पासून ती हेच काम करते आणि तिथला खर्च खासगीच्या मानाने हलका असतो.

निदान करणाऱ्या डॉक्टर शक्यतो डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन (बालविकासाच्या तज्ज्ञ) किंवा बालमानसोपचारतज्ज्ञ असाव्यात. परळचं केईएम आणि वाडिया, सायन, नायर या रुग्णालयांच्या बालरोग विभागातून सुरुवात करता येते. 2001 पासून मुंबईत काम करणारं 'उम्मीद' हे बालविकास केंद्रही अनेकांना माहीत असेल. सरकारी रुग्णालयात रांग असते, खासगीत फी असते. दोन्हीकडे नाव नोंदवून ठेवा.

एक गोष्ट पक्की ध्यानात असू द्या. ऑटिझम रक्ताच्या चाचणीत दिसत नाही आणि एमआरआयमध्येही दिसत नाही. मुलाचं वागणं, खेळणं, बोलणं बघून आणि लहानपणापासूनची हकिकत विचारूनच निदान होतं. एमआरआय, ईईजी किंवा जनुकीय चाचणी डॉक्टर सांगतात ती फिट्स किंवा इतर शंका असेल तेव्हा. 'मेंदूचं मॅपिंग' करून ऑटिझमचे टक्के काढून देणाऱ्या पॅकेजला पैसे देऊ नका. तसंच, एम-चॅट नावाची 20 प्रश्नांची यादी इंटरनेटवर सापडते. ती 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी आहे आणि फक्त चाळणी आहे. तिच्यावरून शंका घ्यायची, निदान करायचं नाही.

तपासणीला जाताना घरचे दोन-तीन छोटे व्हिडिओ न्या: मूल एकटं खेळतंय, जेवतंय, चुलत भावंडांमध्ये आहे, चिडलंय. दवाखान्याच्या अनोळखी खोलीत वीस मिनिटांत जे दिसत नाही ते त्यात दिसतं. मुलीच्या बाबतीत तर हे फारच उपयोगी. मुली इतरांची नक्कल करून वेळ निभावून नेतात आणि 'लाजाळू आहे' म्हणून वर्षानुवर्षं सुटून जातात.

२. 'कोणामुळे झालं' हा खटला घरात उभा राहू देऊ नका

ही पायरी वगळून पुढे गेलेली घरं मी पाहिली आहेत. तिथे आई थेरपीला एकटी जाते आणि घरी येऊन सासरच्यांचे प्रश्न झेलते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अमेरिकेत बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 साली अकरा मुलांचं वर्णन करून या अवस्थेला वैद्यकात जागा दिली. त्यानंतर वीसेक वर्षं बरेच मानसोपचारतज्ज्ञ थंड, माया न करणाऱ्या आयांना दोष देत राहिले. त्याला कसलाच पुरावा नव्हता. 1977 मध्ये फोल्स्टीन आणि रटर या संशोधकांनी जुळ्या भावंडांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे हे दिसू लागलं. एक मूल ऑटिस्टिक असेल तर धाकट्या भावंडात ऑटिझम असण्याचं प्रमाण साधारण पाचात एक आहे, असं मोठ्या अभ्यासांत आढळलं आहे. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर हा आकडा डॉक्टरांशी बोलून घ्या. नात्यातली माणसं बोलतात म्हणून निर्णय घेऊ नका.

लशीचं म्हणाल, तर 1998 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या बारा मुलांवरच्या लेखाने एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लशीचा ऑटिझमशी संबंध जोडला होता. तो लेख 2010 मध्ये मागे घेण्यात आला, आणि मुख्य लेखकाचा वैद्यकीय परवानाही गेला. डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांहून अधिक मुलांची माहिती तपासणारा अभ्यास 2019 मध्ये आला. लस घेतलेल्या मुलांत ऑटिझम जास्त आढळला नाही. राहिलेल्या लशी देऊन टाका. गोवर खरोखर जीव घेतो.

'मोबाईल दिला म्हणून झालं' हे मुंबईत सध्या सगळ्यात जास्त ऐकू येतं. मोबाईल कमी करावा, त्याने बोलण्याला आणि झोपेला फायदाच होईल. पण त्याच्यामुळे मूल ऑटिस्टिक झालं असं म्हणायला आधार नाही. बोरिवलीच्या वन-बीएचकेमध्ये दोघं नोकरी करून मूल वाढवणारे आई-बाप गुन्हेगार नाहीत.

३. पहिला महिना: झोप, पोट, दात

थेरपीचं वेळापत्रक भरायच्या आधी शरीराकडे बघा. ऑटिस्टिक मुलांमध्ये झोपेच्या तक्रारी फार असतात, बद्धकोष्ठताही असते, आणि फिट्सचं प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त असतं. ज्याला बोलून सांगता येत नाही त्याची दाढ दुखत असेल तर ते मूल डोकं भिंतीवर आपटतं, आणि आपण त्याला 'बिहेविअर' म्हणतो. वागण्यात अचानक मोठा बदल झाला की पहिला फोन बालरोगतज्ज्ञांना करा, थेरपिस्टला नंतर. झोपेसाठी मेलाटोनिनचा (झोपेच्या संप्रेरकाचा) उपयोग होतो असं अभ्यास सांगतात, पण ते डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेतच द्या.

४. संवाद: इथे सगळ्यात जास्त वेळ घाला

शेजारच्या गोव्यात झालेलं एक संशोधन आपल्या फार उपयोगाचं आहे. गोव्यातली 'संगाथ' संस्था, पाकिस्तानातल्या रावळपिंडीमधला एक गट आणि ब्रिटनमधले संशोधक यांनी मिळून 2 ते 9 वर्षांच्या 65 मुलांबरोबर एक चाचणी घेतली. 2016 मध्ये ती प्रसिद्ध झाली. तज्ज्ञांऐवजी प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते पालकांकडे जात. पालक आणि मूल खेळतानाचा व्हिडिओ काढायचा, मग दोघांनी बसून तो बघायचा आणि पालकांनी कुठे मुलाच्या कलाने घेतलं ते शोधायचं. अशी बारा सत्रं झाली. पालकांचा मुलाशी सूर जुळू लागला, आणि मुलं आपणहून संवाद सुरू करण्याचं प्रमाण वाढलं. दोघांचं लक्ष एकत्र टिकण्याच्या वेळेत मात्र फायदा दिसला नाही. तरी ज्या शहरात थेरपिस्टकडे पोचायलाच दीड तास लागतो, तिथे या संशोधनाचं मोल फार आहे.

घरी हे असं करून बघा. मूल गाडीची चाकं फिरवत बसलंय ना, तर समोर बसा, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर. 'हा रंग कोणता? किती चाकं?' अशी परीक्षा घेऊ नका. तेही फिरवतंय, तुम्हीही एक चाक फिरवा. "गोल गोल" एवढंच म्हणा. मग थांबा. मनात दहापर्यंत मोजा. तुमच्याकडे वळलेली नजर, हाताला केलेला स्पर्श, एक 'ऊं', सगळं बोलणंच आहे. त्याला उत्तर द्या. दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं पुरे. आंघोळ, कपडे घालणं, कुकरच्या शिट्ट्या मोजणं यातही हेच करता येतं.

आता भाषेचं. "मुलाला गोंधळ होतो, घरात फक्त इंग्रजी बोला" हा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो, आणि मराठी घरं तो निमूटपणे पाळतात. मग जेमतेम इंग्रजी येणारी आई तुटक सूचना देते, 'कम, सिट, ईट'. आणि आजी गप्प होते. दोन भाषा ऐकणारी ऑटिस्टिक मुलं एकच भाषा ऐकणाऱ्या ऑटिस्टिक मुलांच्या मागे पडतात असं कॅनडा, अमेरिका, ब्रिटन इथल्या अभ्यासांत आढळलेलं नाही. ज्या भाषेत तुम्हाला लाड करता येतात, रागावता येतं, अंगाई म्हणता येते, त्याच भाषेत मुलाशी बोला. शाळेची इंग्रजी आणि जिन्यातली हिंदी आपापल्या जागी येईल. मूल आपणहून इंग्रजीत बोलत असेल, जे बऱ्याच घरांत होतं, तर त्यालाही आडकाठी करू नका. त्याच्या इंग्रजी वाक्याला मराठीत उत्तर द्या.

बोलणं आलेलं नसेल तर चित्रांनी किंवा टॅबवरच्या ॲपने बोलण्याची सोय आत्ताच करा. 'चित्रं दिली तर मूल बोलायचा आळस करेल' ही भीती अभ्यासांमध्ये खोटी ठरली आहे. वाचेचं नुकसान दिसलं नाही, काही मुलांची वाचा वाढली. आयआयटी मुंबईच्या आयडीसी डिझाइन विभागाने 'जेलो' नावाचं असं ॲप बनवलं आहे. ते विनामूल्य आहे आणि मराठीतही चालतं. चेन्नईत घडलेलं 'आवाज' हे ॲपही बरीच कुटुंबं वापरतात. ॲप जमत नसेल तर फ्रिजवर चार फोटो लावा: पाणी, शू, बाहेर, नको. 'नको' सगळ्यात महत्त्वाचं. ज्या मुलाला नको म्हणता येतं, त्याला चावावं लागत नाही.

५. थेरपी निवडताना

स्पेशल एज्युकेटर आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदणी असते. नोंदणी क्रमांक मागा, कोणी रागावणार नाही. ऑक्युपेशनल थेरपिस्ट (ओटी, रोजची कामं स्वतः करायला शिकवणारे) आरसीआयखाली येत नाहीत, त्यांच्यासाठी महाराष्ट्राची स्वतंत्र परिषद आहे. हा फरक माहीत नसल्याने पालक चांगल्या ओटींवर उगाच संशय घेतात.

मी तीन गोष्टी विचारायला सांगते. सत्रात आम्हाला बसता येईल का? येत्या तीन महिन्यांत नेमकं काय साधायचं आहे? मूल रडलं तर तुम्ही काय करता? पहिल्याचं उत्तर 'नाही' आलं तर मी ते सेंटर सोडायला सांगेन. दरवाजा लावून आत काय चाललंय हे कळत नसेल, आणि मूल सांगू शकत नसेल, तर ती जागा सुरक्षित मानता येत नाही. 'डोळ्यात डोळे घालून बघणं' किंवा 'हात हलवणं बंद करणं' हे ध्येय कोणी लिहून दिलं तर कारण विचारा. हात हलवून मूल स्वतःला शांत करत असतं. कपडे घालणं, दुखतंय कुठे ते सांगणं, रस्ता ओलांडताना थांबणं, ही ध्येयं त्याच्या कामाची आहेत.

आणि प्रवास हिशोबात धरा. विरारहून दादरला पाऊण तासाच्या सत्रासाठी अर्धा दिवस घालवून मूल आणि आई दोघंही कोमेजून परत येणार असतील, तर जवळचा साधा पण समजूतदार थेरपिस्ट आणि घरचा खेळ यांची जोडी माझ्या मते केव्हाही बरी.

६. 'बरा करतो' म्हणणाऱ्यांना ओळखा

ऑटिझम पुसून टाकणारं औषध आज नाही. रिस्पेरिडोन, ॲरिपिप्राझोल ही औषधं तीव्र चिडचिड आणि स्वतःला इजा करणं यासाठी दिली जातात, ऑटिझमसाठी नाही.

संशोधनाचा दावा कसा तपासायचा, यासाठी सिक्रेटिनची हकिकत माहीत असावी. 1998 मध्ये अमेरिकेत या संप्रेरकाचं इंजेक्शन घेतल्यावर काही मुलं बोलू लागली अशी बातमी पसरली आणि पालकांच्या रांगा लागल्या. मग 60 मुलांची नीट चाचणी झाली. निम्म्यांना सिक्रेटिन दिलं, निम्म्यांना मिठाचं पाणी, आणि कोणाला काय दिलं हे पालकांना सांगितलं नाही. डिसेंबर 1999 मध्ये निकाल आला. दोन्ही गटांत सारखीच सुधारणा झाली होती. मुलं वाढतच असतात, आणि आशेने बघणाऱ्या डोळ्यांना ती वाढ औषधाची वाटते. म्हणून कोणीही 'आमच्याकडे सत्तर टक्के मुलं सुधारली' म्हणाले की एकच विचारा: ज्यांना हे दिलं नाही अशा तशाच मुलांचं त्याच काळात काय झालं?

स्टेम सेलबद्दल स्पष्टच सांगते, कारण मुंबईत त्याच्या जाहिराती पावलोपावली आहेत आणि लोक दागिने मोडून पैसे उभे करतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) 2017 ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं रक्ताच्या ठरावीक आजारांव्यतिरिक्त स्टेम सेलचा वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीत करू देतात, आणि चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने 2022 मध्ये ऑटिझमसाठी या उपचाराची शिफारस करता येत नाही असं सांगितलं. जिथे बिल फाडलं जातं तिथे ते संशोधन नाही. शरीरातले जड धातू काढणारं 'चिलेशन' तर जिवावर बेततं. 2005 मध्ये अमेरिकेत पाच वर्षांचा एक मुलगा त्यात दगावला. गहू-दूध बंद केल्याने ऑटिझममध्ये फरक पडतो याला भक्कम पुरावा नाही. आधीच चार पदार्थ खाणाऱ्या मुलाची पोळी आणि दूध काढून घेतलं तर उरतं काय?

७. कागदपत्रं: निदानाच्या पहिल्या सहा महिन्यांत

अनेक पालक 'शिक्का बसेल' म्हणून प्रमाणपत्र टाळतात. प्रमाणपत्र शाळेला दाखवायचं की नाही हे तुमच्या हातात राहतं, पण नसेल तर गरज पडल्यावर एका दिवसात मिळत नाही.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारचं दिव्यांगत्व मान्य आहे, ऑटिझम त्यात आहे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं राष्ट्रीय ओळखपत्र) स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायचा, मुलाचा फोटो, आधार आणि पत्त्याचा पुरावा जोडायचा, रुग्णालय निवडायचं. निवडण्याआधी तिथे ऑटिझमचं मूल्यांकन कोणत्या वारी होतं ते विचारून घ्या. मूल्यांकन 'इसा' या भारतीय मापनपद्धतीने होतं: 40 मुद्दे, प्रत्येकाला 1 ते 5 गुण, 70 च्या खाली ऑटिझम धरत नाहीत. त्या दिवशी मूल नेमकं शांत बसलं तर? रोजच्या अडचणी लिहून न्या, व्हिडिओही न्या. बहुतेक सवलतींसाठी 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व लागतं. लहान वयातलं प्रमाणपत्र बहुधा मुदतीचं असतं, मुदतीची तारीख कॅलेंडरवर मांडून ठेवा.

कार्ड हातात आलं की केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या 'निरामय' विम्यासाठी अर्ज करा. वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण, आधी वैद्यकीय तपासणी नाही, आणि थेरपीचा काही खर्चही त्यात बसतो. बिलांवर थेरपिस्टचा शिक्का आणि नोंदणी क्रमांक आहे ना, ते तिथल्या तिथे बघा.

मूल 18 वर्षांचं झालं की आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. गरज असेल तर नॅशनल ट्रस्ट कायद्याखालच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करावा लागतो. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन वेगळे जिल्हे आहेत, अर्ज पत्त्यानुसार.

८. शाळा

शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) राखीव 25 टक्के जागांमध्ये दिव्यांग मूल वंचित गटात येतं, आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. हे कित्येक पालकांना माहीतच नसतं. शाळा बघताना इमारतीपेक्षा वर्गातली मुलांची संख्या आणि मधल्या सुट्टीचा गोंगाट बघा. शॅडो टीचर (वर्गात मुलाच्या मदतीला बसणारी) ठेवली तर ती मुलाला हळूहळू स्वतंत्र करते आहे का, की त्याची वही भरून देते आहे, यावर लक्ष ठेवा. पुढे राज्य मंडळाच्या परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळतो. एनआयओएसचा, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा मार्गही आहे. दहावीची काळजी पहिलीत करू नका.

९. लोकल, गणपती आणि सोसायटी

लोकलची भीती घालवायची तर रविवारी दुपारी, रिकाम्या गाडीत, दोनच स्टेशनांपासून सुरुवात करा. आधी घरी फोटो दाखवा: जिना, प्लॅटफॉर्म, गाडी, उतरायचं स्टेशन, घर. बऱ्याच मुलांना 'पुढील स्टेशन' ही घोषणा आणि स्टेशनांचा क्रम प्रचंड आवडतो. त्याचा संवादासाठी वापर करा. तुम्ही "भांडुप" म्हणा आणि थांबा, "कांजूरमार्ग" त्याला म्हणू द्या. दिव्यांगांच्या डब्यात कार्ड जवळ ठेवा. मूल धडधाकट दिसतं म्हणून कोणी हटकलं तर वाद न घालता कार्ड पुढे करा.

मुलाच्या खिशात किंवा पट्ट्यावर तुमचा मोबाईल नंबर आणि 'मला बोलता येत नाही, आईला फोन करा' अशी चिठ्ठी असू द्या. हरवलं तर क्षणही न दवडता 112, रेल्वेत असाल तर 139. हरवलेली ऑटिस्टिक मुलं पाण्याकडे ओढली जाण्याचा धोका मोठा असतो. घराजवळ तलाव, नाला, टाकी, समुद्र असेल तर पहिला शोध तिथे. पोहायला शिकवणं ही चैन समजू नका.

ढोल-ताशांच्या दिवसांत कान झाकणारे इअरमफ वापरा, विसर्जनाचा रस्ता आणि वेळ मंडळाला आधीच विचारा, गरज पडली तर ते दोन दिवस मावशीकडे काढा. मेल्टडाउन आला, म्हणजे ताण असह्य होऊन मुलाचा स्वतःवरचा ताबा सुटला की समजावणं, रागावणं, मिठी मारून धरणं, सगळं बाजूला ठेवा. गर्दीतून बाहेर, आवाज कमी, बोलणं कमी, आणि वाट बघा. सोसायटीच्या वॉचमनकाकांना आणि खालच्या दुकानदाराला मुलाची ओळख करून द्या. मूल एकटं बाहेर पडलं तर तेच आधी बघतात.

१०. माणसं जोडा

'फोरम फॉर ऑटिझम' हा मुंबईतल्या पालकांनीच उभा केलेला गट आहे. आपल्या मुलापेक्षा पाच-दहा वर्षांनी मोठ्या मुलांच्या आयांशी तिथे गाठ पडते. त्याबरोबरच मोठ्या वयाच्या ऑटिस्टिक माणसांचं ऐका. ब्रिटनमधले डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक असलेले संशोधक आहेत. 2012 मध्ये त्यांनी मांडलं की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं: ऑटिस्टिक माणसाला इतर कळत नाहीत आणि इतरांनाही तो कळत नाही. 2020 च्या एका प्रयोगात ऑटिस्टिक माणसांनी एकमेकांना एक गोष्ट सांगत पुढे नेली, आणि ती इतर माणसांच्या साखळीइतकीच नीट पोचली. हे वाचल्यापासून मुलाचं एखादं वागणं मला कळलं नाही की मी आधी माझ्या बाजूने काय निसटलं ते शोधते.

झोप उडाली असेल, सतत रडू येत असेल तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा, मराठीत बोलता येतं. धाकट्या किंवा थोरल्या भावंडाला आठवड्यातून एक वेळ फक्त त्याची अशी द्या. आणि पालकांच्या भेटीला जाताना आजी-आजोबांनाही न्या. त्यांचे प्रश्न वेगळे असतात, आणि घरात ते विचारायला संकोचतात.